वरचा सुळा, खालची दाढ

लोक आमच्याकडे वाकडे दात सरळ करून घ्यायला येत, आणि त्यातल्या काहींना आम्ही वर्ष-दीड वर्ष खपून आधीपेक्षा वाईट करून ठेवत असू. काम जितकं चोख, तितका पेशंट आरशात जास्त वाईट दिसे. आमच्या डॉक्टर मॅडम खूश, पेशंट रडकुंडीला, आणि दोघांच्या मधे ट्रे धरून मी. अशी अठ्ठावीस वर्षं मी बेंगळुरात जे. पी. नगरातल्या एका दातांच्या क्लिनिकात काढली. मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. खुर्चीशेजारी उभी राहून डॉक्टरांच्या हातात नेमक्या वेळी नेमकं हत्यार देणारी जी बाई असते, ती मी. नाव गिरिजा, पण मॅडमपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची मी अक्का.

हत्यार देणं हा कामाचा लोकांना दिसणारा भाग. बाकी ठसे घ्यायचे, त्यात प्लास्टर ओतून दातांची मॉडेल करायची, पकडी-चिमटे उकळायचे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटला रबर लावायला शिकवायचं. ब्रेसेस म्हणजे दातांवर चिकटवलेले बारीक ठोकळे आणि त्यांतून ओवलेली वायर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण वरच्या दातांना खालच्या दातांशी ओढून धरणारी, वाटाण्याभोवती जेमतेम बसतील एवढी रबराची कडीही असतात. ती पेशंटने स्वतः लावायची, जेवताना काढायची, रोज बदलायची. कुठल्या दातापासून कुठल्या दातापर्यंत, यावर सगळा खेळ. वरचे दात पुढे आले असतील तर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत. खालचे पुढे आले असतील तर बरोबर उलट, वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत. मॅडम कार्डावर दोन तिरप्या रेघा काढत आणि मी त्या पेशंटच्या तोंडात उतरवत असे. कन्नड, मराठी, हिंदी, मोडकं तमिळ, चार भाषांत मी हे इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ही शेखी मी आत्ताच मिरवून घेते, कारण पुढे तिला जागा उरणार नाही.

आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं आहे हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नडमधले 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (बरोबर) कधी येऊन बसले ते कळलं नाही. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेली मुलं खुर्चीत आडवी पडल्या पडल्या माझी मराठी ऐकून हसायची. तोंडात सक्शनची नळी असताना हसणं सोपं नाही, तरी हसायची.

मला 'का' विचारायची खोड पहिल्यापासून. नवीन होते तेव्हा एक बाई आल्या, त्यांचा खालचा जबडाच पुढे होता. मॅडम म्हणाल्या, ह्यांना ऑपरेशन लागेल, सर्जन जबडा कापून मागे बसवतील, पण त्याआधी दीड वर्ष ब्रेसेस. मला काही पटेना. जबडा कापणारच असाल तर ही तारांची कटकट कशाला? दुपारी डबा खाताना मी विचारलंच.

मॅडमनी डबा बाजूला ठेवला आणि त्या बाईंच्या दातांची मॉडेल माझ्या हातात दिली. वरचं एक, खालचं एक. म्हणाल्या, "तू सर्जन. खालचा जबडा मागे ढकल, दात जुळले की थांब." मी ढकलला. बोटभर जाईल असं वाटलं होतं, पण अगदी थोडा सरकला आणि पुढचे दात जुळले. मी थांबले. मॅडमनी मग बाईंचा बाजूने काढलेला फोटो पुढे ठेवला. "एवढंच सरकवून हा चेहरा सुधारेल?" सुधारला नसता. हनुवटी तशीच पुढे राहिली असती, आणि घासही धड तुटला नसता.

मॅडमनी सांगितलं ते असं. जबडे जुळत नसले की दात काही स्वस्थ बसत नाहीत. वरचे पुढे कलतात, खालचे मागे झुकतात, एकमेकांना गाठायचा प्रयत्न करतात. खरं अंतर नऊ मिलिमीटर असेल तर ते चारच दिसतं. आपल्या सिटी बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा येऊन म्हणतो ना, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", म्हणजे जरा सरकून घ्या, तसं दातांनी जन्मभर अ‍ॅडजस्ट केलेलं असतं. ब्रेसेसचं काम ते अ‍ॅडजस्ट करणं सोडवायचं. प्रत्येक दात आपापल्या हाडावर सरळ उभा करायचा, मग वरच्या-खालच्याचं जुळो न जुळो. तसं केलं की अंतर चाराचं नऊ होतं, चेहरा बिघडतो, बोलणं बोबडं होतं. आणि मग सर्जनला हाड पूर्ण नऊ मिलिमीटर हलवायला जागा मिळते.

मला ते इतकं आवडलं की त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर माझे स्वतःचे दात किती अ‍ॅडजस्ट करून बसलेत ते बघत बसले. नंतर पेशंटच्या आयांना हे समजावणं मॅडमनी माझ्यावरच सोडलं. एकदा देवनहळ्ळीहून एक बाई मुलीला घेऊन आल्या, कमलम्मा नाव. मी अर्धा तास दाताच्या कण्या केल्या, मॉडेल दाखवली, बसची गोष्ट सांगितली. त्यांनी मॉडेल हातात फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "आमची द्राक्षाची बाग होती. घरांचे प्लॉट पाडायला सगळे मांडव काढले तेव्हा कळलं, जमिनीला उतार किती आहे ते. तोवर सपाटच वाटत होती. तसंच ना?" तसंच. पुढे मी बसची गोष्ट सोडली आणि मांडवाची सांगायला लागले.

एकदा मॅडमच्या मागे लागून मी ऑपरेशनही बघून आले. माझी जागा भिंतीजवळ, कशालाही हात न लावण्याच्या अटीवर. वरचा जबडा सुटा होऊन कपाटाच्या खणासारखा खाली आला तेव्हाही माझी नजर हटली नाही. आमच्या वायरीवर मॅडमनी आठ दिवस आधी बारीक हूक बसवले होते. सर्जनसाहेबांनी वरच्या-खालच्या दातांमध्ये एक पातळ प्लास्टिकची पट्टी ठेवली, तिच्यात दातांचे ठसे आधीच उमटवलेले. दात त्या ठशांत बसले, हुकांना तार घालून दोन्ही जबडे तात्पुरते बांधले आणि मगच हाडावर पट्ट्या-स्क्रू लागले. कापलेल्या हाडाला कुठे थांबायचं ते कळत नाही, ते दात सांगतात. बाहेर हात धुताना साहेब म्हणाले, "टाके मी घालतो, पण पुढचे सहा आठवडे जबडा सांभाळतात ते तुमचे रबर. ज्या पेशंटला सांगितल्यासारखे रबर लावता येत नाहीत, त्याचा जबडा मी उघडत नाही." हे ते सगळ्यांना सांगत आणि तसं वागतही. दोघांना त्यांनी परत पाठवलेलं मला माहीत आहे.

आता तुषारचं सांगते. आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नकोच म्हणत होते, ते याच्यामुळेच.

तुषार नागपूरचा, चोवीस वर्षांचा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात. दिवसभर व्हर्नियरने यंत्राचे भाग मोजायचे आणि पाव मिलिमीटर चुकलं की परत पाठवायचे, हे त्याचं काम. त्याचा खालचा जबडा पुढे होता आणि पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, त्रास काय? तो म्हणाला, "मला चावता येत नाही. पेरू नाही, सँडविच नाही. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर सुरीने तुकडे करून खाऊन राहिलो मी." दिसण्याबद्दल एक शब्द नाही. मला तो तिथेच आवडला.

मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून त्याला सगळं समजावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मांडवाची गोष्ट त्याला लगेच पटली. "म्हणजे आधी खरं माप बाहेर काढायचं, मग दुरुस्ती," तो म्हणाला. पुढच्या वेळी खिशातून छोटी वही काढली. हा गृहस्थ दर रविवारी स्वतःच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजत होता. कारखान्यातलं व्हर्नियर तोंडात घालतोस की काय म्हणून मी त्याला फैलावर घेतलं, तर म्हणाला, "नाही अक्का, वेगळं घेतलं, प्लास्टिकचं. उकळून घेतो ना." वहीत चारापासून सुरुवात होती. वर्षभरात साडेसातपर्यंत आलं. नऊ झाले की ऑपरेशन, असं ठरलेलं. कारखाना वर्षातून एकदा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी बंद असतो, त्याला जोडून त्याने साठवलेली सगळी रजा मागून ठेवली होती.

या वर्षभरात त्याचा चेहरा खूप बिघडला. कारखान्यातले बरोबरचे लोक त्याची हनुवटी पकडून चेष्टा करू लागले. त्याने बाहेर जेवणं सोडलं. 'स' म्हणायला गेलं की शीळ निघे, म्हणून मीटिंगमध्ये तो बोलेनासा झाला. आमच्याकडे आला की मात्र वही उघडून आकडे दाखवी. आम्ही सोडून त्या आकड्यांचा आनंद होणारं त्याच्या ओळखीत कुणी नव्हतं.

शेवटचा दीड मिलिमीटर बाहेर काढायला मॅडमनी रबर द्यायचं ठरवलं. त्याच दिवशी दुपारी मॅडम स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघाल्या होत्या. गडबडीत कार्ड लिहिलं, रेघा काढल्या, "गिरिजाक्का, रबर शिकवून पाठव" म्हणाल्या आणि गेल्या. मी कार्ड बघितलं. वरचा सुळा, खालची दाढ.

मला वाटलं, हे उलटं झालं. खालचा जबडा पुढे असलेल्या माणसाला आम्ही नेहमी वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्याला लावतो, खालचे दात मागे ओढायला. ऑपरेशनआधी रबर द्यायची वेळ क्वचितच येई. मॅडमची घाई मी बघितलेली. आणि याआधी तीनदा त्यांच्या हातून कार्डावर डाव्याचं उजवं झालेलं मी पकडलं होतं, तीनही वेळा त्यांनी माझी पाठ थोपटली होती. ऑपरेशनच्या पेशंटचे खालचे दात मागे नाही, सरळ पुढे आणायचे आहेत, अंतर कमी नाही, वाढवायचं आहे, हे मीच शंभर लोकांना मांडवाची गोष्ट सांगून समजावलेलं. पण ते माझ्या तोंडाला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. हात आपल्या सवयीने गेला. शिवाय खरं सांगायचं तर त्या मुलाकडे बघून मला महिनोन्‌महिने वाईट वाटत होतं. त्याचे दात आणखी पुढे ओढायचे हे माझ्या मनात शिरलंच नाही.

मी आरशात त्याला वरची दाढ आणि खालचा सुळा दाखवला. तुषारने कार्ड बघितलं. "अक्का, इथे तर उलटं काढलंय."

"मॅडमना विमान गाठायचं होतं. मी सांगते तसं लाव."

"नक्की ना?"

"सव्वीस वर्षं हेच करतेय मी," मी म्हणाले.

त्याने लावले. जेवायच्या वेळा सोडून दिवसरात्र, एकही दिवस न चुकवता. मधे एक तरुण डॉक्टर मॅडमच्या जागी येत होते, त्यांनी एकदा वायर तपासली आणि पुढची तारीख दिली. खुर्चीत बसायच्या आधी रबर काढून ठेवायचे अशी शिस्त मीच सगळ्यांना लावलेली, त्यामुळे त्याच्या तोंडात ते कसे लावलेत हे कुणी पाहिलं नाही.

अडीच महिन्यांनी मॅडम परतल्या. शुक्रवार होता. तुषार आला तोच हसत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तोंडावर हात न धरता हसला. वही उघडून मॅडमच्या पुढे धरली. "मॅडम, गॅप कमी होऊन राहिला. साडेसाताचा पाच झाला. असंच चाललं तर ऑपरेशन लागणारच नाही ना?"

मॅडमनी वही बघितली, मग आरसा घेऊन तोंडात बघितलं. बराच वेळ बघितलं. "रबर कसे लावतोस ते दाखव," त्या म्हणाल्या. त्याने खिशातली पिशवी काढून सफाईने लावून दाखवले. वरची दाढ, खालचा सुळा. मॅडमनी कार्ड उचललं. कार्डावर बरोबर होतं.

आम्ही वर्षभर खपून सोडवलेले दात त्याने, म्हणजे मी, पुन्हा अ‍ॅडजस्ट करायला लावले होते. वर्षाचं काम मागे गेलं होतं, ठरलेली तारीख गेली होती, आणि पोरगा समजत होता की तो बरा होतोय.

"हे उलटे लावलेत," मॅडम इंग्रजीत सावकाश म्हणाल्या. "कुणी सांगितलं असे लावायला?"

तुषारने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाला, "माझ्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल, मॅडम. माझीच मिस्टेक."

आणि मी गप्प राहिले. दातखीळ बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी कार्डावर लिहिलं, पेशंटने रबर चुकीचे लावले, आणि म्हणाल्या की सर्जनशी मंगळवारी बोलणं आहे, तेव्हा कळवते. तुषार मान खाली घालून गेला. नवीन रबर त्याला क्लिनिकातल्या दुसऱ्या मदतनीस मुलीने शिकवले.

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस मी स्वतःशी वकिली केली. त्याने स्वतःहून अंगावर घेतलंय. त्याचं काय जातंय, तो पेशंट आहे, त्याला कोण काढून टाकणार? माझी निवृत्तीला दोन-चार वर्षं राहिलीत. असं सगळं. पण कार्डावरची ती ओळ मंगळवारी सर्जनसाहेब वाचणार होते, आणि वाचून काय म्हणणार हे ऑपरेशन थिएटरबाहेर हात धुताना त्यांनी मला स्वतः ऐकवलं होतं. सांगितल्यासारखे रबर न लावणारा पेशंट म्हणून ते त्याला परत पाठवणार. ज्याने एकही दिवस चुकवला नाही त्याला. तो आयुष्यभर सुरीने पेरू कापून खाणार, आणि तेही बिघडवून ठेवलेला चेहरा घेऊन.

मंगळवारी दुपारी मॅडमनी डबा उघडला तेव्हा मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं.

मॅडमनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाल्या, "तुला वाटलं, मी चुकले."

"हो."

"मग विचारलं का नाहीस? फोन होता ना."

"तीनदा मी बरोबर निघाले होते."

"म्हणून चौथ्यांदा विचारायचं नाही का, गिरिजा?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नावामागचं अक्का गाळलं. ते मला त्यांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. त्यांनी कार्ड मागवलं, ती ओळ खोडली आणि लिहिलं, क्लिनिकमधून चुकीची सूचना दिली गेली. पेशंटने सूचना काटेकोर पाळली. खाली स्वतःची सही केली. मी म्हटलं, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, क्लिनिक माझं आहे. मग त्यांनी माझ्यासमोरच सर्जनसाहेबांना फोन लावला.

तुषारला मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "काहून सांगितलं अक्का? तुमची नोकरी गेली असती ना."

"तुझं ऑपरेशन गेलं असतं." मी त्याला सर्जनचा नियम सांगितला.

त्याचा आवाज बदलला. "मी तुम्हाला विचारलं होतं. कार्ड दाखवून विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

"अडीच महिने मी रोज आरशात बघून खूश होऊन राहिलो होतो, अक्का."

मी फोन धरून स्टोअरच्या खोलीत रडले. त्याने फोन ठेवला नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा "ठीक आहे" म्हणाला आणि गेला.

त्याचं ऑपरेशन सात महिने पुढे गेलं. कारखाना बंद असतानाची रजा अशीच वाया गेली, दुसरी मिळवताना त्याला कारखान्याच्या साहेबांच्या दारात उभं राहावं लागलं, आणि नागपूरहून येणाऱ्या आईला त्याने तिकीट रद्द करायला सांगितलं. त्या सात महिन्यांत त्याचं अंतर पाचाचं पुन्हा साडेसात झालं, मग नऊ. चेहरा पुन्हा बिघडला, आणि आता तो बिघडताना आपण काय हरवतोय हेही त्याला माहीत होतं. दर वेळी तो येई, वही दाखवी ती मॅडमना. माझ्याशी नीट बोले, ऊट झालं का, जेवलास का, विचारलं तर झालं म्हणे. पण पूर्वीसारखा 'अक्का, मला एक सांगा' म्हणून थांबत नसे. मी मात्र त्या महिन्यांत एक गोष्ट शिकले. कार्डावरची प्रत्येक रेघ बघून स्वतःला विचारायचं, हे दात कुठे जायचेत, आणि का. खोड जुनीच होती, मधल्या वर्षांत मी ती फक्त डब्याच्या वेळेपुरती ठेवली होती.

ऑपरेशन झालं. सर्जनसाहेबांनी वरचा जबडा पुढे घेतला, खालचा मागे. दहा दिवसांनी तुषार क्लिनिकमध्ये आला, सोबत आई. गाल सुजलेले, डोळ्यांखाली हिरवट-पिवळे डाग, खालचा ओठ बधिर, दातांत ती प्लास्टिकची पट्टी. पेज आणि ताक सोडून काही पोटात नाही. पण बाजूने बघितलं आणि मी ट्रे खाली ठेवला. हनुवटी जिथे असायला हवी तिथे होती. त्याची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हा माझ्या भावावर गेलाय, हे आज दिसून राहिलं."

मॅडमनी तपासलं, कार्डावर रेघा काढल्या आणि शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. रबर बदलायचे होते. त्याला स्वतःला ते अजून जमणार नव्हतं. मी दुसऱ्या मुलीला बोलावू लागले, तेव्हा तुषारने हात हलवून नको म्हटलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मी हातमोजे घातले आणि कार्ड बघितलं. वरची दाढ, खालचा सुळा.

तीच दिशा, माझी चुकलेली. मी स्वतःला विचारलं, का? आता हाड जागेवर आलंय, दात सरळ आहेत, नव्या जागी बसवलेला खालचा जबडा पुन्हा पुढे सरकू नये म्हणून ओढ मागे हवी. पटलं. तरी मी कार्ड घेऊन शेजारच्या खुर्चीपाशी गेले आणि मॅडमना विचारलं. त्यांनी कार्ड वाचलं, मान हलवली. "सरी आहे, गिरिजाक्का," त्या म्हणाल्या.

मी परत आले. चिमट्यात कडं धरून त्याच्या वरच्या दाढेकडे नेलं, तसं तुषारने माझं मनगट पकडलं. बोलता येत नव्हतं. दुसऱ्या हाताने त्याने मांडीवरची वही ओढली आणि लिहिलं, "अक्का, परत?"

"विचारून आलेय," मी म्हणाले.

मग त्याने वहीकडे, मॅडमकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि खाली लिहिलं, "काहून, ते सांगा."

मी चिमटा खाली ठेवला, स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने मनगट सोडलं आणि ओठ उघडले.